पाइपातली हाक

फिटरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. यजमानाने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, तरी त्यांचं लक्ष नळाच्या पाइपाकडे. शर्टाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक पाइपाला टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. कधी अर्धा मिनिट, कधी चांगली दोन-तीन मिनिटं. मग स्क्रूड्रायव्हर परत खिशात आणि माणूस खुर्चीत. काय ऐकलं ते सांगत नसत. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "काय नाय. पानी हाय नुसतं." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा सुटल्यासारखा दिसायचा.

माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हाही असंच झालं. मी महाडला कोर्टाजवळ वकिली करते. नोटरीचा शिक्काही आहे, त्यामुळे नावातली चूक, जन्मतारखेतली चूक, हरवलेली गुणपत्रिका असल्या प्रतिज्ञापत्रांचा माझ्या टेबलावर कायम ढीग असतो. त्या दिवशी साठीपुढचा एक काटकुळा माणूस दारात आला, नमस्कार केला आणि थेट कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेला. मी आठवडाभर प्लंबरच्या नावाने शंख करत होते. मला वाटलं, आला एकदाचा. "वॉशर गेलाय, तो बदला आधी," मी कागदातून डोकं वर न काढता म्हटलं. त्यांनी निमूटपणे वॉशर बदलला, हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "वकीलबाय, मला एका माशाबद्दल खरं खरं लिवून द्यायचं हाय."

मी त्यांना हाकलून दिलं नाही, हे माझ्या स्वभावाकडे बघता आश्चर्यच. पण फुकट वॉशर बदलून देणाऱ्या माणसाला हाकलता येत नाही.

ते मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे. फिटरचं काम शिकून बिरवाडीला एका रसायनाच्या कारखान्यात लागले आणि तिथेच भाड्याची खोली करून वीसेक वर्षं राहिले. कारखान्यात त्यांच्या कानाचा दरारा होता. बाकीचे लोक मीटरचा काटा बघायचे; हे स्क्रूड्रायव्हर टेकवून पंपाच्या पोटातलं ऐकायचे आणि कुठलं बेअरिंग किती दिवसांत जाणार ते सांगायचे. "यंत्र आधी कन्हतं, मग मोडतं. कन्हतंय तवाच ऐकायचं," असं ते नव्या पोरांना शिकवत.

दुसरी शिकवण परमिटची. रसायनाच्या कारखान्यात साहेबाच्या सहीचं परमिट हातात आल्याशिवाय कुणी पाइपाचा जोड उघडायचा नसतो. एकदा एका जोडीदाराने घाई केली, परमिटाची वाट न बघता बोल्ट सैल केले आणि आतलं अॅसिड त्याच्या तोंडावर उडालं. काकांनी त्याला उचलून नेलं होतं. तेव्हापासून "सही नाय तोवर पान्याला हात नाय" हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की घरातला गॅसचा रेग्युलेटर बदलतानाही ते काकींना विचारत, "काढू का?" काकी हसायच्या. या सवयीचं पुढे काय होणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारखाना बंद पडला तेव्हा एका एजंटाने त्यांना परदेशात काम मिळवून दिलं. त्या देशाचं आणि त्या जागेचं नाव मी लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि मी वकील आहे. समुद्रकाठचं मोठं उद्यान, काचेच्या भिंतींचे हौद, भोवती पायऱ्या-पायऱ्यांची बैठक आणि रोज दोन खेळ. हौदात किलर व्हेल, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचे, जीपगाडीहून लांब असे प्राणी. खरं तर ते डॉल्फिनच्या कुळातले, पण इकडे बिरवाडीत राहिलेल्या काकींनी पहिल्या दिवसापासून त्यांना देवमासाच म्हटलं. संगीत लागलं की त्यांनी उड्या मारायच्या आणि लोकांनी भिजून ओरडायचं. काकांचं काम या सगळ्याच्या खाली, जमिनीखालच्या पंपघरात. वर टाळ्या वाजल्या की खाली त्यांच्या डोक्यावरच्या पाइपांना कंप सुटायचा, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध.

पंपघरात ताटाएवढी एक जाड काच होती, पाणी गढूळ झालंय का ते बघायला. त्या काचेतून त्यांना ती दिसायची. तिचं तिथलं नाव काहीतरी परदेशी, नटवं होतं. काका तिला बायो म्हणायचे. तिच्या पाठीवरचा पंख एका बाजूला कलंडून अंगाला चिकटला होता. लोखंडी दाराच्या सळ्या चावून चावून पुढचे दात मुळापर्यंत झिजले होते. आत पू साचू नये म्हणून त्यांना भोकं पाडून ठेवली होती आणि ती रोज पिचकारीने धुवावी लागत. खेळ नसेल तेव्हा ती हौदात फेऱ्या घालायची, नेहमी एकाच बाजूने, भिंतीला खांदा लावून. फेऱ्या थांबल्या की कोपऱ्यात भिंतीला तोंड टेकवून तरंगत राहायची. तासभर, दोन तास. "जित्ती हाय का मेली, तेवढं बघाया मी काचेपाशी जायचो," काका सांगत. "मग ती हळूच डोळा फिरवायची. माज्याकडं नाय हां. माज्या मागं काय हाय त्येच्याकडं."

या प्राण्यांना खेळ शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षकाने काकांना सांगितलं होतं की यांची जात समुद्रात आईला धरून असते. मुलगा म्हातारा झाला तरी आईच्या कुशीपाशी पोहतो, आणि प्रत्येक कुटुंबाच्या हाका वेगळ्या असतात. काकांना यात नवल वाटलं नाही. "आमच्या वाडीत बी तसंच हाय," असं ते त्या शिक्षकाला म्हणाले, आणि तो बिचारा वाडी म्हणजे काय ते विचारत बसला.

बायोला पोर झालं. ते चार वर्षांचं झाल्यावर साहेबांनी त्याला वेगळं काढलं, कारण आईजवळ असताना ते खेळ शिकत नव्हतं. समुद्रात ते जन्मभर आईजवळ राहिलं असतं. इथे मधे सिमेंटची जाड भिंत घालून त्याला मागच्या हौदात ठेवलं. त्याच आठवड्यात तीन नंबरच्या पंपाचा आवाज बदलला. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, तर आत एक लांब, चढत जाणारा, मधेच तुटणारा आवाज. थोड्या वेळाने पंपाच्या दुसऱ्या टोकाकडून तसाच, पण बारीक. पंपाला दोन बेअरिंगं असतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. काकांनी निदान केलं: दोन्ही गेली. रीतसर परमिट काढून बदलली. आवाज तसाच. पुन्हा बदलली. पुन्हा तसाच. तीस वर्षांत त्यांचं निदान असं कधी फसलं नव्हतं. त्यांना जेवण जाईना. कंट्रोल रूममधले लोकही तक्रार करू लागले, की या आवाजाने डोकं उठतं, बंद करा. तेव्हा काकांनी स्वतःच सुचवलं, की पंपाच्या दोन्ही बाजूंना रबराचे जोड बसवू, म्हणजे आवाज पाइपातून पुढे जाणार नाही.

रबर बसवलं. पंप कसा शांत झाला. साहेबांनी खूश होऊन 'उत्तम कामगार' असं प्रशस्तिपत्र दिलं, फोटोसकट.

पंधरा दिवसांनी मागच्या हौदातली एक जाळी तपासायला काकांना बोलावणं आलं, कारण पोर सारखं तिच्यावर धडका देत होतं. काका तिथे गेले. जाळीच्या मागे भिंतीत पाइपाचं तोंड होतं. पोर त्या जाळीला तोंड लावून होतं. हनुवटीची कातडी सोलून लाल झालेली. म्हातारा शिक्षक तिथेच उभा होता. तो म्हणाला, "आल्या दिवसापासून हा इथून हलत नाही. आधी इथे येऊन बोलायचा तरी. आता पंधरा दिवस गप्प आहे. मासेही खात नाही."

तो पाइप दोन्ही हौदांचं पाणी एका पातळीवर ठेवणारा होता. एक टोक आईच्या हौदात, दुसरं पोराच्या, आणि मधे तीन नंबरचा पंप.

काका धावत पंपघरात गेले. हे सांगताना ते नेहमी इथे थांबत आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं मोजत. "आठ बोल्ट, वकीलबाय. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. पाना माज्या हातात व्हता. घटकाभराचं काम." त्यांनी रबर काढायचं परमिट मागितलं. साहेब म्हणाला, पंप आता छान चाललाय, कशाला उघडायचा? दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. साहेबाने हसून खांद्यावर थाप मारली. काका रोज त्या जोडापाशी पाना घेऊन उभे राहिले आणि सही नाही म्हणून रोज परत फिरले. सहाव्या दिवशी पोर मेलं. कागदावर कारण लिहिलं गेलं: जंतुसंसर्ग.

"तितं अॅसिड नव्हतं," काका म्हणायचे. "खारं पानीच व्हतं की गो बाय. अंगावर उडालं असतं तर भिजलो असतो."

वर्षभरात ते नोकरी सोडून बिरवाडीच्या त्याच खोलीत परत आले. पण आले ते थोडे वेगळेच. काकी मला पहिल्यांदा भेटल्या त्या तक्रार घेऊनच. "ह्ये आंगनात फेऱ्या घालतात. एकाच अंगानं. भिंतीला खांदा घासून घासून सदरे फाटले. आनि मग कोपऱ्यात तोंड करून हुबे ऱ्हातात. मी हाक मारली तर वळतात, पन बगतात माज्या मागं." काकी हे पदराशी चाळा करत, हळू आवाजात सांगत होत्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाल्या, "दाखवलं. डॉक्टर म्हनाला, व्यायाम चांगला हाय."

उमरठला वरच्या आणि खालच्या वाडीसाठी नळाची लाइन आली तेव्हा जोडकामाला गावाने काकांना बोलावलं. त्यांनी एक अट घातली: मधे कुठेही रबर नको, सगळे जोड लोखंडाचे. ठेकेदार वैतागला. काका म्हणाले, "दोन्ही वाड्यांचं एकमेकींना ऐकू गेलं पायजे." लोकांना वाटलं, परदेशात राहून डोक्यावर परिणाम झालाय, पण काम फुकट होतं म्हणून करू दिलं. आता वरच्या वाडीतल्या बायका सांगतात की पाणी बंद असताना नळाला कान लावला तर खालच्या वाडीत कोण रडतंय ते कळतं. मी हसले होते. एका बाईने मला नळापाशी नेलं आणि म्हणाली, "ऐका की." मी कान लावला नाही. का लावला नाही, याचं कारण सांगते.

वैशाखातल्या एका दुपारी काका माझ्या घरी कसलेसे कागद द्यायला आले होते. वीज गेलेली, पंप बंद, पंखे बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाला स्क्रूड्रायव्हर लावला. मी सरबत करत होते. सरबत झालं, तरी ते तसेच उभे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी मूठ कानापासून काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुमीच ऐका. मला वाटतं मला भास व्हतो."

मी चेष्टेच्या सुरातच मूठ कानाला लावली. आधी पाइपातली नेहमीची पोकळ घरघर. मग त्या घरघरीच्या पलीकडून, फार लांबून, एक आवाज चढत आला, मधेच तुटला, पुन्हा चढला आणि थांबला. त्यानंतर जी शांतता होती ती मला अजून विसरता येत नाही. कुणीतरी बोलून झालंय आणि आता आपल्या बोलण्याची वाट बघतंय, अशी ती शांतता होती. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा, अगदी तसाच.

मी पुराव्यावर जगणारी बाई आहे. पाइपात हवा अडकते, उन्हाने लोखंड तापतं, शेजारच्यांचा कसलातरी पंप असेल, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खराखुरा प्लंबर बोलावला. त्याला काही सापडलं नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटली, हे सरळ सांगून टाकते. काकांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून हळूच घेतला आणि म्हणाले, "म्हंजे भास नाय." त्यांना बरं वाटलं होतं. मला मुळीच नाही.

आता प्रतिज्ञापत्राकडे येते. त्या देशात या प्राण्यांना कसं ठेवतात याची चौकशी सुरू झाली होती आणि जुन्या कामगारांकडून लेखी माहिती मागवली होती. म्हाताऱ्या शिक्षकाने काकांचा पत्ता दिला. मी मसुदा केला: हौदाची खोली, सावलीची सोय नसणं, दातांची अवस्था, पोराला वेगळं काढल्याचं आणि ते मेल्याचं. आवाजाचा परिच्छेद मी गाळला. तिथल्या शहाण्या लोकांनी हसू नये म्हणून. काकांनी मसुदा वाचायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "मग ह्यात मी कुटं हाय? मी रबर बसवलं त्ये कुटं हाय?" मी म्हटलं, काका, त्यात तुमचाच दोष दिसेल. ते म्हणाले, "दिसू दे. त्येच तर लिवायचं हाय." मी परिच्छेद परत घातला. माझ्या वकिलीत अशिलाने स्वतःचा गुन्हा मुद्दाम लिहून घेतल्याची ही एकच वेळ.

पण सही अडली. काकांचा एकुलता मुलगा नितीन त्याच उद्यानात मासे साठवायच्या बर्फखान्यात कामाला होता, काकांनीच लावलेला. बापाने असं काही लिहून दिलं तर पोराला दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील, हे सगळ्यांना माहीत होतं. काकी माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेल्या. "देवमाशाचं पोर मेलं, वाईट झालं. पन म्हनून माज्या पोराच्या पोटावर पाय द्यायचा काय? वकीलबाय, तुमी सही करून घेतलीत तर मी तुमच्या दारात बसंन!" मी काकींच्या बाजूची होते, हे कबूल करते. कागद तसाच माझ्या कपाटात पडून राहिला आणि काका अंगणात फेऱ्या घालत राहिले. ते वाळत चालले होते. पुढे पुढे काकी त्यांना भरवायच्या.

त्या पावसाळ्यात सावित्रीला पूर आला. महाड बुडालं, वीज गेली, फोनचे टॉवर गेले. बिरवाडीलाही चार दिवस कुणाचा कुणाला फोन लागत नव्हता. आठवड्याने मी ऑफिसच्या जिन्यावरचा चिखल खरवडत होते, तेव्हा काकी गुडघाभर चिखल तुडवत जिना चढून आल्या. मागे काका. काकी खुर्चीत बसल्या.

"पूर टीव्हीवर दाखवला आसंल तिकडं," मग त्या म्हणाल्या. "नितीनला वाटलं आसंल, आयबाप गेलं. मी फोन लावत व्हते. लागत नाय म्हाईत व्हतं, तरी लावत व्हते. चार दिवस, वकीलबाय. त्योच नंबर. जेवन नाय, कायबी नाय. दाबायचं, कानाला लावायचं, गप ऐकायचं. परत दाबायचं." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "कुटं हाय तो कागद? ह्यांची सही घ्या."

ऑफिस वरच्या मजल्यावर असल्यामुळे कागद कोरडा राहिला होता. काकांनी सही केली. मी शिक्का मारला.

नितीनला महिन्याभरात परत पाठवलं. आता तो बिरवाडीतच एका कारखान्यात आहे, पगार निम्मा आहे, आणि तो बापाबद्दल वाईट बोलत नाही. काका पुढे सव्वा वर्षाने गेले. उमरठला, भात झोडायच्या दिवसांत, सकाळचा चहा पिऊन पडवीत टेकले ते उठलेच नाहीत. चौकशीचा निकाल अजून लागलेला नाही. उद्यान आपलं म्हणणं मांडतंच आहे. माझ्या ओळखीत इतका सरळ माणूस दुसरा नव्हता, आणि त्यांची आठवण आली की माझं नेहमी एकाच दिवसाशी येऊन अडतं. तो सुनावणीचा दिवस.

पुरानंतर चारेक महिन्यांनी माझ्या ऑफिसातल्या संगणकावरून काकांची साक्ष झाली. पडद्यावर पाच माणसं आणि एक दुभाषी मुलगी, मूळची नागपूरकडची. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकी मागच्या बाकावर बसल्या होत्या. प्रश्नोत्तरं झाली, काकांनी रबराचं, परमिटाचं, आठ बोल्टांचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग तिथला एक तज्ज्ञ म्हणाला, आम्ही वेगवेगळ्या व्हेलचे पाच आवाज लावतो; तुम्ही पंपात ऐकलेला त्यात आहे का सांगा. काकांनी मला पंखा बंद करायला सांगितला आणि डोळे मिटले.

पहिला आवाज. काकांनी मान हलवली, नाही. दुसरा, नाही. तिसरा सुरू झाला. तो माझ्या घरातल्या पाइपातला होता. चढत जाणारा, मधेच तुटणारा, आणि मग ती शांतता. काकांनी डोळे न उघडता हात वर केला. "हीच."

खात्री आहे का, असं पलीकडून विचारलं. "ह्या बाईनं बांधावरून हाक मारली तर मी चुकंन काय?" काका मागे बोट दाखवत म्हणाले. दुभाषीने ते सांगितलं, पलीकडे कुणीतरी लिहून घेतलं. तज्ज्ञाने मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. साक्ष संपत आली होती. तेवढ्यात काकांनी विचारलं, "ह्यो आवाज कवा भरून ठेवलेला? तवाचा काय?"

पलीकडे कागद चाळले गेले. तज्ज्ञ काहीतरी म्हणाला. "नाही काका," दुभाषी मुलगी म्हणाली. "काल सकाळचा आहे."

पोर मरून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला कोनी सांगितलंच नाय." काकींनी मागून विचारलं, काय झालं, काय म्हणतात ते? मी सांगितलं.

आमच्या भागात मरणाचा निरोप फोनवर सांगून भागत नाही. दोन माणसं जातात. एकट्याने जायचं नसतं. दारात उभं राहून स्पष्ट शब्दांत सांगायचं, म्हणजे घरच्यांना पुढचं करता येतं. आणि सांगून झालं की तिथे थांबायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. काकी उठल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकाही खुर्चीतून उठले. मग काकी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"अगो बाय," त्या म्हणाल्या, "आमी दोघं सांगाया आलोय. ऐक. तुजा पोर गेला गो. लय दिस झालं. तो तुला बोलत व्हता, जाळीला तोंड लावून शेवटपर्यंत तितंच व्हता. ह्यांनी आवाज बंद केला, म्हनून तुला ऐकू आलं नाय. त्यो तुला इसरला नव्हता. आता हाका मारू नको, बाय. थकशील."

दुभाषी मुलीने पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. पुढची तिने सांगितली नाहीत, आणि पलीकडे कुणी तिला सांग म्हणालंही नाही.

काकांनी पडद्याला हात जोडले. मग दोघं वळली आणि मागे न बघता जिना उतरून गेली. मी टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यांना त्यांनी हात लावला नव्हता. कामकाज अजून संपलेलं नव्हतं. पलीकडची पाच माणसं रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती, आणि बंद कसं करायचं ते मला सुचत नव्हतं.